चौथ्या रकान्यातला मुलगा

फोन ठेवल्यावर तिने आधी काय केलं, तर पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. पेन्सिल तिला लागत नव्हती. सगळं लिखाण संगणकावरच चालायचं. पण हाताला काहीतरी चाळा हवा होता आणि तोवर कोणी टेबलाशी येऊ नये असं वाटत होतं. ट्रस्टचा कारकून फोनवर अगदी अदबीने बोलला होता. अर्ज शेवटच्या चारांत आलाय, अभिनंदन. आणि एक लहानशी विनंती आहे. यंदा अध्यक्ष नव्या आहेत, त्यांची पद्धत वेगळी आहे. समितीला चौथ्या रकान्यातल्या मुलाला आणि त्याच्या आईला प्रत्यक्ष भेटायचंय. गुरुवारी, अकरा वाजता. ‘मुलाची शाळा बुडेल, त्याबद्दल अध्यक्षांनी आधीच दिलगिरी कळवायला सांगितलीय,’ असं तो म्हणाला, आणि तीही ‘छे छे, एका दिवसानं काय होतंय’ असं म्हणून गेली. चौथ्या रकान्यातला मुलगा नऊ वर्षांचा होता. खरा मुलगा सव्वीस वर्षांचा होता, तिचाच होता, आणि या घटकेला कुठल्यातरी उंच इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा राहून बॅटरीच्या उजेडात दोर तपासत असणार होता. पेन्सिलीचं टोक मोडलं. तिने पुन्हा काढायला घेतलं.

लहान मुलांच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या त्या संस्थेत ती एकोणीस वर्षं होती आणि एकोणीस वर्षं एकच काम करत होती. डॉक्टर मंडळी संशोधन करायची आणि त्यासाठी दानशूर ट्रस्टांकडे मदत मागणारे अर्ज ती लिहायची. डॉक्टरांना लिहिता येत नाही असं नाही, पण त्यांचं लिहिलेलं त्यांचं त्यांनाच कळतं. देणाऱ्याच्या काळजाला हात घालायचा तर या बाईच हव्यात, असं जुने संचालक म्हणायचे. तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की अर्जबाई. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. बाकीच्या ट्रस्टांचे अर्ज सरळ असत: उद्देश, पद्धत, माणसं, मुदत, संपलं. या एका ट्रस्टच्या अर्जात मात्र चौथा रकाना होता, ‘एका मुलाची गोष्ट’, आणि सगळी मेख तिथेच होती. समितीतली वयस्कर मंडळी पहिले तीन रकाने चाळायची आणि चौथा वाचायची. त्यातलं मूल कसं घडवायचं ही तिची खास हातोटी. एकाचा खोकला घ्यायचा, दुसऱ्याची शाळा, तिसऱ्याची आजी, चौथ्याचे झिजलेले बूट, आणि पाच-सहा मुलांचं मिळून एक मूल शिवायचं. शिवण दिसता कामा नये. खोटं त्यात काहीच नसायचं, फक्त तसं एकही मूल जगात नसायचं. आणि लिहायचं नेहमी वर्तमानकाळात. ‘होता’ लिहिलंत की संपलं, होऊन गेलेल्या मुलाला कोण मदत करणार, हे नव्या मुलींना तिनेच शिकवलं होतं.

हा अर्ज डॉक्टरीणबाईंचा होता. आठ वर्षं त्या दर बुधवारी तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक क्लिनिक चालवत होत्या, अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांसाठी. बाहेर पाटी नव्हती. पाटी लावली तर आया येणार नाहीत, म्हणून नुसतं ‘बुधवारचं क्लिनिक’. मूल हे मुद्दाम करत नाही, आळसाने करत नाही, झोपेत शरीराला इशाराच पोचत नाही, बहुतेकांचं वयाबरोबर आपोआप थांबतं. पण तोवर घरात त्याचं काय होतं, कोण मारतं, कोण हसतं, कोण चारचौघांत सांगतं, आणि त्याचं पुढे मुलाच्या मनावर काय राहतं, याचा कोणी नीट शोधच घेतलेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तो शोध त्यांना घ्यायचा होता आणि मग शाळाशाळांतून पालकांशी बोलायचं होतं. या वेळी मदत मिळाली नाही तर कोपऱ्यातली खोली एका यंत्राला जाणार होती. संचालकांनी तसं हसतहसत, पण दोनदा सांगितलं होतं. अर्ज पाठवायच्या दिवशी दुपारी चौथा रकाना कोराच होता. मुलाखती घ्यायला माणसं नव्हती, आणि माणसं ठेवायची तर आधी अर्ज मंजूर व्हायला हवा होता. ती शिवायला बसली, पण हाताशी तुकडेच नव्हते. मग काय झालं तिला नीटसं आठवत नाही. वीस मिनिटं झाली असतील. एक स्वल्पविरामसुद्धा नंतर बदलावा लागला नाही.

‘हा मुलगा नऊ वर्षांचा आहे,’ असं तिने लिहिलं होतं. ‘आठवड्यातून चार-पाच वेळा तो अंथरूण ओलं करतो. त्याची आई शिकलेली आहे, नोकरी करते. तिने रागावून पाहिलं आहे, संध्याकाळनंतर पाणी बंद करून पाहिलं आहे. एके दिवशी सकाळी ती त्याला ओली चादर स्वतः धुवायला लावते आणि शेजारच्या शाळेची मुलं खालून जाण्याच्या वेळी ती धुतलेली चादर हातात धरून त्याला गॅलरीत उभं करते. चादर वाळेपर्यंत आत यायचं नाही, असं तिने सांगितलं आहे. मुलगा रडत असतो. खाली मुलं थांबतात.’ डॉक्टरीणबाईंनी ते वाचून चष्मा काढला होता, पुसला होता, पुन्हा लावला होता. ‘कोणी सांगितलं हे तुम्हाला?’ त्यांनी विचारलं. आणि ती म्हणाली होती, ‘आपल्या क्लिनिकमधल्याच एका बाईंनी. बाकावर बसल्या होत्या, बोलता बोलता सांगून गेल्या.’ इतकं सहज, जसं काही बस चुकली म्हणून उशीर झाला.

बाकावर कोणी नव्हतं. घरी, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, तेव्हा ती होती आणि मुलगा होता. नवरा परगावी नोकरीला, महिन्यातून दोन दिवस पाहुण्यासारखा यायचा आणि आल्या आल्या नाक उडवून ‘घरात वास कसला गं येतोय’ विचारायचा. गादी उन्हात टाकायची, उचलायची, पुन्हा टाकायची. ऑफिसला उशीर, वरिष्ठांची बोलणी, शेजारणीचं ‘अजून करतो का हो?’ कारणं शोधायला गेलं तर पोत्याने सापडतात. तिने गेल्या सतरा वर्षांत ती सगळी पोती उघडून पाहिली होती आणि एकातही काही पुरेसं निघालं नव्हतं. त्या सकाळी ती आरशासमोर उभी राहून वेणी घालत होती आणि आरशातून गॅलरी दिसत होती. चादर त्याच्या उंचीपेक्षा लांब होती. खाली लागून पुन्हा मळू नये म्हणून त्याने हात डोक्याच्याही वर धरले होते आणि टाचा उचलल्या होत्या. ते पाहून तिच्या मनात आलं होतं, बघा, पोरगा मुळात किती नीटनेटका आहे. हे तिने अर्जात लिहिलं नव्हतं. लिहिता येण्यासारखं नव्हतंच. मुलाचं अंथरूण बाराव्या वर्षी आपोआप कोरडं राहायला लागलं आणि पुढे कित्येक वर्षं ती आपल्या बहिणीला सांगत असे, जरा कडक राहिलं की सुटतात सवयी. आजही तो दर रविवारी आपली चादर आपल्या हातांनी धुतो, मशिनमध्ये टाकू देत नाही. ‘आमच्या चिरंजीवांना काही सांगावं लागत नाही,’ असं ती पाहुण्यांना कौतुकाने सांगायची. कौतुकाने! बुधवारच्या क्लिनिकचा पहिला अर्ज लिहिताना डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या तेव्हा, मध्येच, काहीतरी टिपून घेत असताना, तिला त्या रविवारांचा अर्थ लागला होता आणि तिने टिपणं चालू ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाईंना कळायला वेळ लागला नाही. चांगली बातमी जिना न चढता वर जाते. त्या तिच्या टेबलाशी आल्या, खुर्ची न घेता टेबलाच्या कडेवरच बसल्या. ‘घेऊन या त्यांना. मी भेटते आधी, धीर देते. आई घाबरली असेल हो बिचारी.’ ती म्हणाली, ‘विचारते. आता कुठे असतात कोण जाणे.’ ‘पत्ता आपल्या कागदांत असेलच की,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कागदांत काय असणार, कपाळ! तो सगळा दिवस तिला एका जागी बसवेना. ती पाणी प्यायला उठली, प्यायली, पेला भरून घेऊन आली आणि टेबलावर आधीच एक भरलेला होता. कुटुंब गाव सोडून गेलं. मुलाला ताप आलाय. आईने नकार दिला, तिचा तो हक्कच आहे. यातलं कुठलंही सांगता आलं असतं आणि कुठल्याही कारणाने समितीने पुढच्या अर्जाकडे वळून पाहिलं असतं. शेवटच्या चारांतल्या बाकीच्या तिघांकडे मुलं असणारच. खरं सांगावं तर अर्जच खोटा ठरतो आणि आठ वर्षांची खोली यंत्राच्या घशात जाते. आणि खरं सांगायचं म्हणजे आधी घरी सांगायचं. सतरा वर्षांत त्या घरात त्या सकाळचा शब्दसुद्धा निघाला नव्हता. तो लहान होता, विसरला असेल, असं तिने धरून ठेवलं होतं, आणि तो विसरला नसेल हेही तिला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही एकाच वेळी ठाऊक असलेलं माणूस जगतं कसं? तर रोज ऑफिसला जातं, मुलं शिवतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ती तळमजल्यावर गेली आणि बाकावर बसलेल्या आयांकडे पाहत राहिली. ती काय करते आहे हे तिला कळत होतं. शिंपी मापाचं गिऱ्हाईक शोधतो तसं चाललं होतं. टोकाला एक बाई होती, काज-बटणांच्या कारखान्यात काम करणारी. बोटांना पट्ट्या, मांडीवर पिशवी, आणि शेजारी मोठाल्या गुडघ्यांचा मुलगा, नऊचाच. मुलाला डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं तशी ही तिच्या शेजारी जाऊन बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, म्हणजे सगळं नाही, जेवढं सोयीचं तेवढं. मूळचं कुटुंब मिळत नाहीये. उद्या फक्त एक तास. कुणाचंच नुकसान नाही, झाला तर या खोलीचा फायदाच. बाई ऐकत होती. ‘डॉक्टरीणबाईंसाठी ना? मग येते की,’ ती म्हणाली. ‘अहो, माझं पोर पाच महिन्यांपूर्वी कुणाच्या घरी जायला तयार नव्हतं. आता मामाकडे दोन दिवस राहून आलं. सांगा काय बोलायचं ते, मी पाठ करते.’ तेव्हा तिने कागद काढला आणि हलक्या आवाजात वाचायला लागली. रागावून पाहिलं. बाई मान हलवत होती. पाणी बंद केलं. ‘केलंय, केलंय.’ मग गॅलरी आली आणि बाईची मान थांबली.

‘हे नाही मी बोलणार.’

‘नुसतं बोलायचंच आहे हो.’

‘मारलंय मी त्याला. खोटं कशाला सांगू, दोन-चार धपाटे घातलेत, एकदा तर लाटणं उगारलं होतं. ते सांगेन. पण असं कोण करतं हो? वैऱ्याच्या पोराला करत नाही कुणी.’ बाई रागावली नव्हती, ती समजावून सांगत होती. ‘आणि हा तिथं शेजारी बसलेला असणार. त्याच्यासमोर मी म्हणायचं, याला मी गॅलरीत उभं केलं? त्याच्या डोक्यात येईल ना, आई असंसुद्धा करू शकते. नाही बाई.’ तिने कागदाकडे पाहिलं, जसं काही तो कुणाच्यातरी अंगावरून उतरवलेला कपडा आहे. ‘मग त्या पोराचं काय झालं पुढं?’

‘लिफ्टच्या कंपनीत आहे,’ ती म्हणाली. ‘चांगलं चाललंय.’

नऊ वर्षांचा मुलगा लिफ्टच्या कंपनीत, याचा हिशेब बाईने मनातल्या मनात जुळवला असावा, कारण तिचा चेहरा हळूच बदलला. कठोर नाही झाला, कठोर झाला असता तर बरं वाटलं असतं. आतून मुलगा आला. बाईने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, पिशवी उचलली, आणि जाताना वाकून एवढंच म्हणाली, ‘डॉक्टरीणबाईंना मी काही बोलत नाही. तुम्हीच बोला.’ ती बाकावर तशीच बसून राहिली. पुढची आई आली, तिला वाटलं हीपण रांगेतच आहे, आणि तिने विचारलं, ‘तुमचा केवढा आहे?’

संध्याकाळी सातला मुलगा घरी आला, नेहमीसारखा मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धूत राहिला. ग्रीस निघायला वेळ लागतो. तो टॉवेलला हात पुसत बाहेर आला तेव्हा कागद जेवणाच्या टेबलावर होता. तिने काय बोलायचं ते बसमध्ये तीनदा जुळवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. ‘वाच,’ ती म्हणाली. तो उभ्यानेच वाचायला लागला. तिने शेगडी पेटवली, बंद केली. लांबून, दुसऱ्याच्या हातात, तो परिच्छेद किती आखूड दिसत होता.

‘हे तू लिहिलंस?’

‘हो. अशा मुलांच्या क्लिनिकसाठी केलेल्या एका अर्जात. ट्रस्टची माणसं म्हणतात, त्या मुलाला भेटायचंय, उद्या अकराला.’

त्याने पुन्हा वाचलं. ‘मी रडत नव्हतो,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘इथे लिहिलंयस, मुलगा रडत असतो. मी रडलो नाही.’

ती म्हणू शकली असती की मी चुकले. तेच जुळवलं होतं तिने बसमध्ये. पण तोंडातून भलतंच निघालं. ‘तू रडला असतास ना, तर मी लगेच आत घेतलं असतं रे तुला.’

‘ते मला कुणी सांगितलं होतं?’

आवाज चढला नव्हता. एखादं हत्यार कुठे ठेवलंय असं विचारावं तसं त्याने विचारलं होतं, आणि उत्तराची वाटही पाहिली. मग कागद खाली ठेवला. ‘किती जणांनी वाचलंय हे?’ ती बोटांवर मोजायला लागली, मोजताना तिला स्वतःची शरम वाटत होती: डॉक्टरीणबाई, संचालक, त्यांची टायपिस्ट, हिशेबातले दोघं, समितीतले पाच, तिथला कारकून. ‘अकरा,’ ती म्हणाली. ‘पहिल्या दिवशी नऊ जण थांबले होते,’ तो म्हणाला. ‘दोघं माझ्याच वर्गातले.’

‘पहिल्या दिवशी?’

तिच्या आठवणीत एकच सकाळ होती. एकच आरसा, एकच वेणी. ती सकाळ तिने इतक्या वेळा काढून पाहिली होती, की तिला दुसरी सकाळ असेल हे कधी सुचलंच नाही. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि त्याला खरोखरच नवल वाटत होतं. आई थापा मारत नाहीये, आईला ठाऊकच नाही. ‘आठवडाभर, आई,’ तो म्हणाला. ‘सोमवार ते शनिवार. शनिवारी शाळा लवकर असायची, म्हणून मला लवकर उठवलंस.’ तिला एकाएकी त्या पाच सकाळींसाठी रडू आलं, ज्या तिच्याकडे नव्हत्याच. तेवढ्या त्याच्या एकट्याकडे होत्या इतकी वर्षं. ‘मी चुकले रे,’ ती म्हणाली, आणि ते अगदी लहान, अगदी घरगुती वाटलं, दूध उतू गेल्यावर म्हणावं तसं. ‘माहीत आहे मला,’ तो म्हणाला. पुढे म्हणाला, ‘उद्या अकराला ना? अर्धी सुट्टी टाकतो.’ ती म्हणायला लागली की तू नाही आलास तरी चालेल, मी सांगेन काहीतरी, तशी त्याने मान हलवली. ‘तुझ्यासाठी येत नाहीये. असं एखादं क्लिनिक तेव्हा असतं तर तुला कोणीतरी सांगितलं असतं ना.’ आणि मग ते जेवले. त्याने तिला मीठ दिलं, पाणी दिलं. इतक्या सरळ जेवणाची तिला भीती वाटली.

डॉक्टरीणबाईंना तिने सकाळी फोनवर सांगितलं, गॅलरीत उभं राहूनच, कारण आत मुलगा शर्टाला इस्त्री करत होता. ‘आठ वर्षं मी आयांना सांगतेय, लपवू नका,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘आणि माझे अर्ज लिहिणारी बाई...’ त्या थांबल्या. ‘मी आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोलणार, की अर्जात वय चुकीचं आहे आणि काळ चुकीचा आहे. त्यांनी अर्ज फेकला तर फेकला. तुमचा राग यायला मला सध्या वेळ नाही, तो नंतर येईल.’ ‘हो,’ ती म्हणाली.

ट्रस्टच्या कचेरीत समितीच्या खोलीबाहेर लांब बाक होते आणि भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो. त्यांतल्या दोन फोटोंखाली छापलेल्या गोष्टी तिनेच लिहिलेल्या, शिवलेल्या होत्या, म्हणजे फोटोतली मुलं कुणी वेगळीच असणार. डॉक्टरीणबाई मुलाशी हलक्या आवाजात बोलल्या. ‘आई आत असलेली हवी का तुला?’ त्यांनी विचारलं. तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, ‘नको. ती असली की मी तिला सांभाळून बोलेन.’ मग दार उघडलं, दोघं आत गेले आणि दार लागलं. ती बसली, उठली, फोटोंसमोरून गेली, परत आली. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता, मग थांबला, मग कुणीतरी खुर्ची सरकवली. त्यानंतर त्याचा आवाज सुरू झाला. शब्द कळत नव्हते, फक्त चाल कळत होती: सावकाश, मध्ये थांबत, पुन्हा सावकाश. घरी तो इतका सलग कधी बोललाय हे तिला आठवेना. तिला सगळ्यात जास्त काय ऐकायचं होतं, तर तो तिला काय म्हणतोय. आई म्हणतोय की ती बाई म्हणतोय. दाराला कान लावायचा मोह झाला आणि तिने दोन पावलं टाकलीसुद्धा.

तेवढ्यात कारकून आला. फोनवरचा तोच अदबशीर आवाज. माणूस मात्र वाटला होता त्याहून म्हातारा, स्वेटरची कोपरं विरलेली. त्याच्या हातात भेटीला येणाऱ्यांचं रजिस्टर होतं. ‘आतल्या दोघांची नोंद झाली, आता तुमचीच राहिली,’ तो म्हणाला, आणि बाकावर टेकून लिहायला लागला. समोरच्या बाकावर पुढच्या अर्जाची मंडळी बसली होती, दोन बायका आणि एक गृहस्थ, कागद चाळत. ‘चौथा रकाना समितीसाठी मोठ्या अक्षरांत मीच टाइप करून काढतो,’ कारकून मान खाली घालूनच बोलत होता. ‘इतकी वर्षं काढतोय, पण यंदाचा... घरी बायकोला सांगितला हो मी. ती जेवली नाही नीट. पोरगा मोठा दिसतोय पण, सव्वीसचा लिहिलाय, काहीतरी घोळ झालाय वयाचा. आणि ती आई काही आली नाही. येणार तरी कुठल्या तोंडाने म्हणा.’ त्याने पेन पुढच्या रकान्यावर आणलं. ‘तुम्ही संस्थेतर्फे ना?’

संस्थेतर्फे. तेही खरंच होतं. एकोणीस वर्षांचं खरं होतं, ओळखपत्र पर्समध्ये होतं, आणि कारकून ते लिहायला लागलाच होता. तिने काही न बोलता नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. दाराआड त्याचा आवाज अजून चालू होता.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘मी आई.’

‘कुणाची?’

‘आत बोलतोय ना, त्याची. तुम्ही टाइप केलीत ती मीच.’

हे ती जरा मोठ्याने बोलली असावी. कारकुनाचं पेन थांबलं आणि त्याने मान वर केली. समोरच्या बाकावरचे कागद थांबले. दोघी बायका पाहायला लागल्या, गृहस्थही चष्म्यावरून पाहायला लागले. तिला वाटलं तोंड फिरवावं, पाणी कुठे आहे विचारावं, काहीही करावं. हात नुसते लोंबत होते, त्यांचं काय करायचं ते कळेना. ती तिथून हलली नाही. आतलं बोलणं अजून संपलं नव्हतं.